त्रेचाळीस मुलांची दुसरी सुई

शालन सिस्टरांचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते. उलटं केलं तर ही नुसती माझ्या चुकीची गोष्ट होईल आणि त्यांचं नाव शेवटी आभारात जाईल, जसं लग्नपत्रिकेत जागा उरली की कोपऱ्यात लांबच्या काकांचं टाकतात. आडनाव लिहीत नाही. मी विचारायला गेलेलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "लिही बाबा, पण आडनाव नको घालूस. माझ्या सोसायटीत वाचणारे लोक आहेत."

त्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स आहेत. मूळच्या कुडाळकडच्या, राहायला डोंबिवलीत. आवाज मोठा, हात हलका. सुई टोचून झालेली मुलं "अजून कधी टोचणार?" म्हणून विचारतात, असा हात.

मी हेमराज. भंडारा जिल्ह्यातला, लाखांदूरच्याही पुढचा. आठवीपर्यंत शाळा. नववीची शाळा नदीपलीकडे, डोंग्यात बसून जावं लागायचं. एकदा डोंगा कलंडला. कोणी बुडालं नाही, पण आईने माझं दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. पुढे मामेभावाच्या मागे ठाण्याला आलो, घोडबंदरला बिल्डिंगच्या कामावर होतो. कोविडमध्ये काम बंद पडलं तेव्हा लसीकरण केंद्रावर खुर्च्या मांडायला माणसं पाहिजे होती, तिथे लागलो. खुर्च्या मांडता मांडता आत सरकलो आणि कंत्राटी मदतनीस झालो. बायको आणि पोरगा गावाला आहेत. हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की ही नोकरी गेली असती तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. शाळेत आमची टीम जाते. डॉक्टर मॅडम, सिस्टर आणि मी. उंची, वजन, दात, कान, नखं, डोळे. छातीला नळी लावून मॅडम ऐकतात. डोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावायचं काम माझं, आणि लावल्यावर त्याच्यासमोर उभं राहून तो झाकायचं पण माझंच. कारण रांगेत उभी असलेली मुलं पुढच्याचं ऐकून सगळी अक्षरं पाठ करतात. एका पोराने तर माझ्या पाठीमागची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मॅडम म्हणाल्या, "अरे, काकांच्या आरपार दिसतं तुला?" त्याला चष्मा लागला, आणि नंबर साधासुधा नव्हता. चष्मा लागेल या भीतीने पोराने पूर्ण तक्ता पाठ केलेला.

मग लस. पाचव्या वर्षीचा डोस शाळेत नाव घालतानाच कार्डावर बघतात. पुढे दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाची एक सुई, म्हणजे साधारण पाचवीला आणि दहावीला. आईवडिलांची सही आल्याशिवाय आम्ही टोचत नाही. रडणाऱ्याला बोलण्यात गुंतवायचं काम माझं. "तुझ्या बेंचवर कोण बसतो? तो चांगला आहे का वाईट?" एवढं विचारलं की पोरगं शेजाऱ्याची तक्रार सुरू करतं, तोवर सुई आत-बाहेर.

पण माझं खरं काम म्हणजे डबा. निळा, खांद्याला पट्टा, वर घट्ट झाकण. आत चार बाजूंना चार आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या, आणि मध्ये लशीच्या व्हायल. व्हायल म्हणजे अंगठ्याएवढी काचेची बाटली, एकीत दहा मुलांची लस. मुलं विचारतात, "काका, कुल्फी आहे का?" मी सांगतो, "आहे, पण टोचून खायची."

या डब्यातच मी चुकलो.

त्याच्याआधी उन्हाळ्यात एकदा मी डबा एका शाळेच्या खिडकीत ठेवलेला आणि त्याच्यावर ऊन आलं. व्हायलवर एक गोल खूण असते आणि गोलात पांढरा चौकोन. लशीला गरमी लागली की तो चौकोन काळपट होत जातो. त्या दिवशी चौकोन पांढराच होता, काही बिघडलं नव्हतं. पण मॅडम मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हेमराज, ही लस तुझ्या एका डुलकीत वाया जाते, कळतंय?" मी डुलकी घेतली नव्हती. पण तेव्हापासून मी उन्हालाच घाबरायला लागलो. घरी पण पाण्याचा माठ मी तीनदा सावलीत सरकवायचो.

ऑक्टोबर होता. आमच्या केंद्रात लशीचा फ्रीज सांभाळणाऱ्या लताताई मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. एरवी डबा त्याच भरून द्यायच्या. त्या डीप फ्रीझरमधून आइसपॅक काढून टेबलावर मांडायच्या आणि अर्धा-पाऊण तास तसेच सोडायच्या. पॅकवर पाणी सुटलं, हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली, की मगच डब्यात. म्हणायच्या, "बर्फाला घाम फुटू दे." मी हे शंभरदा बघितलेलं. पण का, ते कधी विचारलं नाही. त्या वेळात त्या चहा प्यायच्या, म्हणून मला वाटायचं की त्या चहासाठीच थांबतात.

तर त्या सकाळी फ्रीज मीच उघडला. बाहेर आठ वाजताच ऊन भाजत होतं. मी म्हटलं, आज डबा असा थंड करतो की मॅडमना बोलायला जागा नको. दगडासारखे कडक पॅक सरळ डब्यात घातले. चार नाही, पाच. पाचवा मध्ये, व्हायलना टेकून. पाच व्हायल होत्या.

शाळा बाळकुमची. एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे शाळा. मॅडमना त्या दिवशी केंद्रात काम होतं, सिस्टर आणि मी पोचलो तर पटांगणात कार्यक्रम. कोणी पाहुणे मुलांना दप्तरं वाटायला आलेले आणि भाषणं काही संपत नव्हती. आम्ही अडीच तास बसलो. डबा माझ्या मांडीवर, उन्हापासून लांब. मी एकदाही झाकण उघडलं नाही. स्वतःवर खूश होतो.

मग सिस्टर मुख्याध्यापिकाबाईंकडे सह्यांचे कागद बघायला गेल्या आणि मी पाचवीच्या वर्गात टेबल मांडायला घेतलं. डबा उघडला. पाचातल्या तीन व्हायल आतून पांढऱ्या झालेल्या. हलवून बघितल्या, दगड. उरलेल्या दोन काठाकाठाने गोठलेल्या.

मी घाबरलो. पण घाबरलो ते कशाला, तर सिस्टर येतील आणि लस तयार नसेल म्हणून. आमच्याकडे हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठतं. आई ती बाटली उन्हात ठेवते, तेल वितळतं आणि डोक्याला लावतात. तेलाचं काही बिघडत नाही. मला वाटलं लशीचं पण तसंच. तळहातात धरून चोळल्या, मग शर्टाच्या खिशात घालून वर हात दाबला. पाच-सात मिनिटांत पाणी झालं. पुसून टेबलावर लावल्या.

सिस्टर आल्या. उशीर झालेला, वर्गाच्या बाई दारात उभ्या, पुढचा तास गणिताचा. सिस्टरांनी विचारलं, "डबा बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "हो जी. एकदम थंड."

त्रेचाळीस मुलं झाली त्या दिवशी. रांगेत एक पोरगा होता, दर्शन नावाचा. त्याला गुंतवायला मी विचारलं, "खेळायला कुठे जाता रे?" तो म्हणाला, "मागे बिल्डिंग बनते ना, तिथे लपंडाव. वॉचमन जेवायला गेला की." मी म्हटलं, "तिथे खिळे असतात." तो म्हणाला, "म्हणून तर इंजेक्शन घेतोय." हुशार पोरगा.

बारा दिवसांनी ठाण्यात एका हॉलमध्ये ट्रेनिंग होतं. मदतनिसांना पहिल्यांदाच बोलावलेलं, नाहीतर ट्रेनिंग नर्सचं असतं. शिकवणारे डॉक्टर तरुण होते, मराठीत बोलत होते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. त्यांनी दोन व्हायल हातात घेतल्या, एकदम हलवल्या आणि टेबलावर उभ्या ठेवल्या. एकीतली लस दुधाळ राहिली. दुसरीत बारीक कण दिसले आणि बघता बघता खाली बसले, वर नितळ पाणी.

डॉक्टर म्हणाले, "ही एकदा गोठली होती. आता वितळलीय, पण मेलेली आहे. वरचा चौकोन बघा, पांढराच आहे. चौकोन गरमी सांगतो, थंडी सांगत नाही. ही टोचली तर मुलाला फक्त सुईचं दुखणं मिळतं."

कोणीतरी विचारलं, "सर, गोठते कशी पण?"

"आपल्याच हाताने. आइसपॅकला घाम फुटायच्या आधी डबा भरला की."

मी माझ्या हातांकडे बघत बसलो. दुपारी जेवणाचे डबे वाटले, मी उघडला नाही.

ट्रेनिंग सुटलं. सिस्टर आणि मी चालत खोपटच्या एसटी डेपोपर्यंत आलो. त्यांना तिथे कुडाळच्या गाडीची चौकशी करायची होती, त्यांच्या भावाकडे काही कार्य होतं. खिडकीवर त्यांचं बोलणं होईपर्यंत मी बाकड्यावर बसलो. त्या येऊन म्हणाल्या, "जेवला का नाहीस? उपास आहे?"

मी म्हणालो, "सिस्टर, मेलेली लस दिली तर माणूस मरतो का जी?"

"माणूस कशाला मरेल. पण उद्या गंजलेला खिळा लागला तर ती लस कामाला येणार नाही. का रे?"

"बाळकुमच्या शाळेत मी दिली."

"तू कुठे दिलीस? मी दिली."

मग मी सगळं सांगितलं. पाचवा पॅक, तेल, शर्टाचा खिसा. सिस्टर माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं, मी त्याची वाट बघत होतो. त्या पोलिसासारखं विचारत गेल्या. पॅक किती वाजता घातले. झाकण मधे उघडलं का. पूर्ण गोठलेल्या किती. कुठल्या व्हायलमधून कोणाला दिली ते वेगळं काढता येईल का. मी म्हटलं, नाही येणार.

"कोणाला बोललास हे?"

"बायकोला पण नाही. आजच कळलं मला."

"मग मला कशाला सांगितलंस? गप्प बसला असतास तर वर्षभरात कोणाला पत्ता लागला नसता."

मी म्हणालो, "तो दर्शन आहे ना, तो तिथे लपंडाव खेळतो. इंजेक्शन घेतलंय म्हणून खेळतो."

सिस्टर उठल्या आणि साडी झटकली. "चल. मॅडम पाचपर्यंत असतात."

रिक्षात माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "सिस्टर, मला काढतील." त्या म्हणाल्या, "काढतील की नाही, ते मी बघते. तू आत गेल्यावर विचारलं तेवढंच सांग, आणि खोबरेल तेलाचं सांगू नकोस, मॅडम आधीच चिडक्या आहेत."

मॅडमच्या केबिनमध्ये त्या जे बोलल्या ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. "मॅडम, बाळकुमच्या त्रेचाळीस मुलांचा डोस धरता येणार नाही. लस गोठलेली होती. सुई मी भरली. भरण्याआधी व्हायल हलवून बघणं माझं काम होतं, उशीर झालेला म्हणून मी बघितलं नाही. आइसपॅक याने घातले. याला ट्रेनिंग नव्हतं. ट्रेनिंग नसलेल्या माणसाच्या हातात डबा कसा गेला, तेही रिपोर्टात लिहा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "शालन, तुझं नाव प्रमोशनच्या यादीत आहे."

"माहीत आहे."

"हे वर गेलं की यादी थांबते."

"थांबू दे मॅडम. मुलांची नावं पण यादीतच आहेत."

मॅडमनी फोन फिरवला, वरच्या डॉक्टरांशी बोलल्या. ठरलं की तो डोस झालाच नाही असं समजायचं आणि महिना उलटल्यावर सगळ्यांना परत द्यायचा. रिपोर्ट गेला. त्यात पहिलं नाव सिस्टरांचं, कारण लस टोचणारा माणूस त्या. माझं खाली, नाव पण नाही, "कंत्राटी मदतनीस" एवढंच. मला काढलं नाही. महिनाभर डब्याला हात लावू दिला नाही आणि रोज आइसपॅक धुवायला लावले. सिस्टरांची चौकशी लागली.

आता परत द्यायचा म्हणजे आईबापांची परत सही. मुख्याध्यापिकाबाईंना घाम फुटला. त्या म्हणाल्या, "सिस्टर, गुपचूप दुसरा डोस म्हणून नाही का देता येणार? कारण कशाला सांगायचं?" सिस्टर म्हणाल्या, "बाई, उद्या तुमच्या मुलाला कारण न सांगता टोचलं तर चालेल?" मग पालकांना बोलावलं.

सभेला जाताना मी एक वाक्य पाठ केलेलं. 'माझं नाव हेमराज, बर्फ मी भरला, चूक माझी आहे, माफ करा.' दारातच सिस्टरांनी मला थांबवलं. "तू बोलायचं नाही."

"पण चूक माझी आहे ना जी."

"तू बोललास की ते तुला धरतील. तुझ्या नावाने दोन तास आरडाओरडा होईल आणि सही न करता घरी जातील. मला आज सह्या पाहिजेत."

वर्ग भरलेला. सिस्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं, व्हायल दाखवल्या, हलवून दाखवल्या. एक आई म्हणाली, "पहिल्या सुईने हिचा हात दोन दिवस सुजलेला. आता परत तेच?" मागून कोणीतरी मोबाईल वर करून म्हणालं, "ह्याच्यात आलंय, हे सगळं कंपन्यांचं आहे." मग एक जाडजूड माणूस उठला, गळ्यात साखळी, पायात स्लिपर. बाळकुमचाच जुना रहिवासी, दर्शनचा बाप.

"ओ सिस्टर, आमचे पोरांवर प्रयोग चाललाय का तुमचा?"

"नाही दादा. चूक झालीय."

"कुनाची?"

"आमची."

"आमची म्हंजे कुनाची? नाव सांगा."

सिस्टर म्हणाल्या, "माझी. सुई माझ्या हातात होती."

मी फळ्याजवळ उभा होतो. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं पण नाही, आणि मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितलेलं म्हणून गप्प राहिलो, असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला आजपण आवडत नाही.

दर्शनचा बाप तसाच उभा. मग त्याचा आवाज उतरला. "माझा आजा मिठागरान कामाला होता. पायाला फावडा लागला, त्याच्यावर चिंधी बांधून फिरला. आठ दिवसान जबडा बसला त्याचा. पानी जाईना तोंडान. माझा बा सांगायचा, आमी बांधून ठेवला होता त्याला, एवढे झटके." तो पुढे आला आणि म्हणाला, "पेन द्या. दर्शनचा नाव पयला लिवा. आन् सिस्टर, यावेळंला नीट हलवून बघा."

"तुमच्यासमोर हलवते," सिस्टर म्हणाल्या.

आणि खरंच, महिन्याने प्रत्येक व्हायल त्यांनी दारात उभ्या असलेल्या आईबापांसमोर हलवली. डबा लताताईंनी भरलेला. बेचाळीस मुलं झाली.

त्रेचाळिसावी पूर्वा. सभेला तिच्या घरून कोणी आलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या बापाची नोकरी बदलली, घर कल्याणला हललं, शाळेतून दाखला काढून नेला. फोन लावला तर नंबर बंद. आणि गंमत अशी की कागदावर त्या पोरीचं सगळं पूर्ण होतं. तिच्या कार्डावर त्या ऑक्टोबरच्या दिवसाची तारीख आणि सिस्टरांची सही. नवीन शाळेत कार्ड मागणार, बघणार, आणि 'छान' म्हणून परत देणार. सोळाव्या वर्षापर्यंत तिला कोणी काही विचारणार नव्हतं.

तोवर सिस्टरांची बदली दुसऱ्या केंद्रात झालेली. प्रमोशनची यादी त्यांना सोडून पुढे गेली. मी फोन केला. "सिस्टर, एक पोरगी राहिली."

"कुठे आहे?"

"शेजारी सांगून राहिले, कल्याणला गेली."

"कल्याण केवढं आहे माहीत आहे का तुला? शाळेच्या क्लार्कला विचार. हल्ली मुलाचं नाव दुसऱ्या शाळेने घेतलं की ऑनलाईन दिसतं."

क्लार्कने दोन चकरा मारायला लावल्या, तिसऱ्या वेळी शाळेचं नाव काढून दिलं. कल्याण पूर्वेची शाळा. सिस्टर म्हणाल्या, "गुरुवारी माझी सुट्टी आहे, तू पण घे." मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी जातो. तर म्हणाल्या, "तुला कोण आत घेईल? तुझा चेहरा बघून वॉचमन दार लावेल. तू नेहमी काहीतरी चोरल्यासारखा दिसतोस."

कल्याणच्या शाळेतले मुख्याध्यापक सभ्य होते, पण हलायला तयार नाहीत. रजिस्टर उघडून म्हणाले, "हिचं रेकॉर्ड पूर्ण आहे. आमच्याकडून काही बाकी नाही." सिस्टरांनी त्यांना रिपोर्टची झेरॉक्स दाखवली. ते म्हणाले, आईला बोलवतो, तिने ठरवावं.

पूर्वाची आई आली. हातात पिशवी, पिशवीत कार्ड, तेही लॅमिनेट केलेलं. आमच्या धंद्यात हे एक दुखणं आहे. लोक जपण्यासाठी कार्ड प्लास्टिकमध्ये बंद करतात आणि मग त्याच्यावर पुढचं काही लिहिताच येत नाही. ती म्हणाली, "ताई, ह्याच्यावर दिली म्हणून लिहिलंय ना? मी त्याच दिवशी लॅमिनेशन करून आणलं. आता सगळं झालं म्हणून."

सिस्टर तोंड उघडणार होत्या. मी मधेच बोललो. "वहिनी, ती सुई माझ्यामुळे वाया गेली. डबा मी भरला होता. लस गोठली. मला कळलं नाही आणि मी ती तशीच टेबलावर मांडली. सिस्टरांचा दोष नाही."

पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं. ते मला त्या वेळी आठवलंच नाही.

तिने मला विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक आहे. गावाला. पहिलीत."

"त्याची सगळी झालीत?"

"हो. आता मी फोनवर बायकोला गावातल्या सिस्टरांना विचारायला लावतो, व्हायल हलवली का म्हणून."

तिला हसू आलं बहुतेक, पण तिने दाबलं. "एवढ्या लांब येऊन सांगताय म्हणजे खरंच असेल," ती म्हणाली आणि पूर्वाला वर्गातून बोलावून घेतलं.

तिथल्या आरोग्य केंद्रात आम्हाला काही अधिकार नव्हता. शालन सिस्टर, तीस वर्षं लस देणारी बाई, इतर आयांसारख्या केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिल्या. तिथल्या नर्सने टोचलं. पूर्वाने विचारलं, "आधीची वाया गेली म्हणजे माझ्या हातातून बाहेर गेली का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही गं, ती आत झोपली. ही जागी राहील."

मग कार्ड. सिस्टरांनी नर्सकडून ब्लेड मागून घेतलं आणि लॅमिनेशनची कड हळूच चिरली, ओरखडा न पडू देता. कार्ड बाहेर काढलं, जुन्या तारखेवर एक सरळ रेघ मारली, बाजूला 'डोस अग्राह्य' लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली. मी म्हटलं, "सिस्टर, सही कशाला? आता हे कार्ड जन्मभर तिच्याकडे राहणार." त्या म्हणाल्या, "खाडाखोड केली की सही करायची असते. नाहीतर पुढचा माणूस म्हणेल, पोरीनेच केली."

मी आता डबा भरतो. लताताई निवृत्त झाल्या, फ्रीज माझ्याकडे आहे. नवीन येणाऱ्याला मी आधी कारण सांगतो, मग काम. सकाळी पॅक काढून ठेवतो आणि चहा पीत नाही, उभा राहतो, हा वेडेपणा आहे असं सगळे म्हणतात. भीती गेलेली नाही. जाऊ पण नये, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी शालन सिस्टर निवृत्त होतायत. प्रमोशनशिवाय. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "खुर्ची बदलली असती. सुईपासून लांब बसवलं असतं. बरंच झालं." त्या हे मला बरं वाटावं म्हणून बोलतात, एवढं आठवी पास माणसाला पण कळतं. ऑफिसात अजून कोणी बाळकुमचा विषय काढला की 'शालन सिस्टरांची ती केस' असंच म्हणतात. मी समोर असलो तरी.

आमच्याकडे निरोप समारंभात साहेब बोलतात, मॅडम बोलतात, हार, श्रीफळ, फोटो. मदतनिसांनी खुर्च्या मांडायच्या आणि चहा द्यायचा. त्या दिवशी मी माईक मागून घेणार आहे. नाही दिला तर माईकशिवाय बोलेन. ती केस माझी होती, बर्फ मी भरला, आणि सिस्टर, फाईलमध्ये तुमचं नाव माझ्या वर आहे ते तुम्ही मुद्दाम घातलंत, हे त्या सगळ्या साहेबांसमोर सांगणार आहे. सिस्टर मला डोळे दाखवतील. या वेळी मी त्यांचं ऐकणार नाही.